आयसीयूत किडनी डॉपलर: आधी वॉल फिल्टर बघा

सेप्सिसचा पेशंट, नॉरअ‍ॅड (बीपी टिकवणारं औषध) चालू, सहा तासांत जेमतेम 60 मिली लघवी. माझा फेलोशिपचा दुसरा महिना. रात्री दोनला किडनीतल्या इंटरलोबार आर्टरीवर डॉपलरचा गेट (रक्ताचा वेग जिथे मोजायचा ती छोटी खिडकी) ठेवला, ट्रेस फ्रीझ केला, आरआय आला 1.00. आरआय म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स: सिस्टोल (हृदयाचं आकुंचन) आणि डायस्टोल (प्रसरण) यांतल्या वेगांचा फरक भागिले सिस्टोलचा वेग. डायस्टोलमध्ये किडनीत रक्तच जात नाही! सरांना झोपेतून उठवलं. ते आले, एक नॉब फिरवला. सिस्टोल 31, डायस्टोल 10 सेमी/सेकंद, आरआय 0.68. काही न बोलता परत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या आधी कुणीतरी इको करून मशीन कार्डियाक प्रीसेटवरच (हृदयासाठीच्या तयार सेटिंगवर) सोडलं होतं. तिथे वॉल फिल्टर (सरांनी फिरवलेला तोच नॉब) वर ठेवलेला असतो, कारण व्हॉल्वचे वेगवान जेट मोजायचे असतात. हळू वाहणारं सगळं फिल्टर पुसून टाकतो, आणि किडनीतला डायस्टोलिक फ्लो हळूच असतो. पुन्हा सांगतो, कारण मला दोनदा सांगावं लागलं होतं: रक्त वाहत होतं, मशीन ते दाखवत नव्हतं. बेसलाइनच्या (शून्य वेगाच्या रेघेच्या) दोन्ही बाजूंना स्वच्छ काळी पट्टी दिसली की संशय घ्या. फिल्टर तळाला नेऊनही डायस्टोल रिकामा दिसला, तरच फोन करा.

'आरआय हे गुणोत्तर आहे, अँगल चुकला तरी चालतो' असं सिनियर सांगतात. अर्धंच खरं आहे. अँगल (बीम आणि रक्तप्रवाह यांतला कोन) वाढला की डॉपलर शिफ्ट (परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतला बदल) घटते, आणि आधीच मंद असलेला डायस्टोल फिल्टरखाली बुडतो. मग कसलं गुणोत्तर!

बाकी सवयीनं जमतं. स्केल (वेगाची पट्टी) कमी, गेट 2 ते 4 मिमी, वर-मध्ये-खाली तीन जागा, प्रत्येक जागी तीन-चार बीट्सची सरासरी. प्रोब दाबू नका, दाबानंही आरआय वाढतो. पहिले पंधरा-वीस पेशंट हात थरथरणारच, त्याचं काही वाटून घेऊ नका. मात्र प्रोब हातातून हिसकावणाऱ्या सिनियरकडून कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही. हात मागे बांधून 'आता काय दिसतंय?' विचारणाऱ्या मॅडम भेटल्या तर त्यांच्या ड्युट्या मागून घ्या.

आणि कृपा करून आरआयवरून फ्लुइड ठरवू नका. आरआय म्हणजे फ्लो नव्हे. जुन्या बीपीच्या आजोबांचा 0.78 कदाचित वर्षानुवर्षांचा असेल. हार्ट रेट कमी झाला, पोटातला दाब वाढला, तरी आकडा चढतो. एकेआय (किडनीला अचानक झालेली इजा) टिकेल की सुधारेल हे सांगायला तो 2018च्या बहुकेंद्री अभ्यासातही कमीच पडला.

मला तर किडनीतल्या शिरेचा ट्रेस जास्त कामाचा वाटतो. अखंड असेल तर ठीक, तुटक असेल तर कंजेशनचा (शिरांत रक्त तुंबल्याचा) विचार. पण इथेही तोच फिल्टर दगा देतो: शिरेतला मंद प्रवाह पुसला जातो, ट्रेस खोटाच तुटक दिसतो आणि तुम्ही लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) लिहून मोकळे होता. इमेज सेव्ह करताना फिल्टरचा आकडा फ्रेममध्ये येऊ द्या, सकाळच्या राउंडला तोच विचारतात.