ड्रमरसमोर गिटार ऐकू यायला हवी असेल तर गिगच्या आधी एवढं बघून घ्या

माझ्या पहिल्या गिगचा, म्हणजे स्टेजवरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ घरी लावला तेव्हा आई म्हणाली, "बोटं काय छान फिरतायत रे." बोटंच दिसत होती फक्त. ऐकू येत होते ड्रम, थोडा बेस, आणि मधेच डास कानाशी गुणगुणल्यासारखं काहीतरी, तो माझा सोलो. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, १५ वॉटचा, ८ इंची स्पीकरवाला. घरी २ वर ठेवला तरी शेजारच्या काकू बेल वाजवायच्या, म्हणून मला वाटलेलं स्टेजवर १० वर नेला की झालं काम. कसलं काय.

तर पहिलं काम, गिगच्या निदान आठवडाभर आधी ॲम्प उचलून जॅम रूमला न्या आणि ड्रमर खरोखर जसा वाजवतो तसा वाजवू द्या, हळू वाजव रे वगैरे सांगू नका. बेडरूममधे लावलेला टोन आणि व्हॉल्यूम इथे काही कामाचा नाही. रॉक वाजवणारा ड्रमर जवळून सहज १०० ते ११० डेसिबल काढतो, स्नेअरचा फटका तर त्याच्याही वर जातो, आणि त्याला व्हॉल्यूमचं बटण नसतं. फोनवर डेसिबलचं ॲप टाकून बघा, आकडा अगदी अचूक नसेल पण ड्रमचा आणि तुमचा फरक कळतो.

आता वॉट. इथेच सगळ्यांची गाडी चुकते. ५० वॉटचा ॲम्प सोडून १०० वॉटचा घेतला की आवाज दुप्पट होईल असं वाटतं ना, होतो फक्त ३ डेसिबलने जास्त, म्हणजे कळण्याइतका, बस. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट पाहिजेत. म्हणून पैसे काढायच्या आधी ॲम्पची जाळी काढा आणि आतला स्पीकर कुठला आहे ते बघा. प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ चा, व्हिंटेज ३० हा १०० चा. आता समजा तुमच्या छोट्या ॲम्पमधला स्पीकर ९३ चा आहे, तर त्याच १५ वॉटवर १०० चा स्पीकर ७ डेसिबल जास्त देईल, आणि ७ डेसिबल म्हणजे जवळजवळ पाचपट वॉट घेतल्यासारखं! स्पीकर बदला किंवा मागे एक्स्टेन्शन स्पीकरचं होल असेल तर १२ इंची कॅब, म्हणजे स्पीकरची वेगळी पेटी जोडा, फक्त ओहम जुळवून घ्या, ॲम्पच्या मागे ८ लिहिलंय का १६ ते वाचा. ट्यूब ॲम्प (आत काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर स्पीकर न जोडता चालू करायचा नाही म्हणजे नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि कॅबला स्पीकर केबलच लावा, गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतून बारीक असते.

ट्यूबचा १५ वॉट हा ट्रान्झिस्टरच्या ५० वॉटएवढा असं जे म्हणतात त्यात थोडं खरं आहे, थोडी दंतकथा. वॉट तो वॉटच. पण ट्यूब ॲम्पचा आवाज फाटायला लागला की गोड फाटतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत वापरता येतो आणि साधा ट्रान्झिस्टरवाला फाटला की कान नको म्हणतात. माझा अंदाज असा, क्रंच आणि लीड, म्हणजे फाटलेल्या आवाजातलंच वाजवत असाल तर १२ इंची स्पीकरचा १५-२० वॉटचा ट्यूब ड्रमरसमोर निभावतो, पण एकदम क्लीन, म्हणजे न फाटलेलं वाजवायचं असेल तर जास्त दम लागतो, म्हणूनच रोलंडचा जेसी १२० एवढ्या स्टेजांवर दिसतो, १२० वॉट, दोन १२ इंची स्पीकर. बाय द वे, जगभर मोठ्या आवाजासाठी बदनाम झालेले ॲम्प बनवणारा जिम मार्शल स्वतः ड्रमर होता, लंडनमधे ड्रम शिकवायचा आणि ड्रमचंच दुकान चालवायचा. म्हणजे दुखणंही ड्रमरचंच आणि औषधही ड्रमरचंच.

मग नॉब. घरी एकटे वाजवताना आपण मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचा नॉब, पार खाली नेतो, बेस आणि ट्रेबल वर, एकदम सीडीसारखं वाटतं. बँडमधे खालचा सगळा भाग किक आणि बेसवाल्याने खाल्लेला असतो, वरचा सिंबलनी, उरतं ते मधलं आणि तेच आपण कापून टाकलेलं. मिड्स ६-७ वर न्या, बेस कमी करा, आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटतो ते, तुम्हाला आवडतो त्याच्या निम्मा ठेवा. एकटं ऐकाल तर हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल, वाटू दे. मागच्या महिन्यात जॅमला आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याने फक्त मिडचा नॉब ३ वरून ७ वर नेला, व्हॉल्यूमला हातही लावला नाही, आणि ड्रमर वाजवता वाजवता मान वर करून बघायला लागला की हा कुठून आला.

सोलोसाठी बूस्ट पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाज वाढवायचं, असेल तर ते कुठे लावलंय बघा. आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलच्या आधी लावलं तर आवाज वाढत नाही, नुसता अजून फाटतो. डिस्टॉर्शनच्या नंतर, किंवा ॲम्पचाच गेन वापरत असाल तर इफेक्ट्स लूपमधे (गेनच्या नंतर पेडल जोडायची ॲम्पवरची होलं) लावा, आणि मास्टर व्हॉल्यूम आधीच शेवटाला टेकवून ठेवू नका, सोलोसाठी थोडी जागा हवी. तसंही बऱ्याच ॲम्पना अर्ध्याच्या पुढे आवाज फारसा वाढतच नाही.

ॲम्प जमिनीवर ठेवला तर तो तुमच्या गुडघ्यांना गाणं ऐकवतो. गिटार स्पीकरचा ट्रेबल सरळ समोर टॉर्चसारखा जातो, त्यामुळे तुम्हाला बोथट ऐकू येतं, तुम्ही वाढवता, आणि समोर तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं डोकं उठतं. उंचावर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा, तोंड तुमच्या कानाकडे. हॉलवाल्यांची प्लास्टिकची खुर्ची नको, ती खडखडते आणि एखाद्या गाण्यात ॲम्पसकट सरकते. सिंबलच्या अगदी शेजारीही नको.

हॉल मोठा असेल तर प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवणं हे ॲम्पचं काम नाहीच, ते पीएचं, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांचं. साउंडवाल्या दादांना आदल्या दिवशीच फोन करून विचारा की गिटार ॲम्पला माइक आहे का, शुअरचा एसएम ५७ असेल तर उत्तम, जाळीला जवळजवळ टेकवून लावायचा, आणि मॉनिटरमधे, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधे, गिटार मिळेल का. माइक नसेल तर ॲम्पचा लाइन आउट द्या. स्पीकर आउट मात्र चुकूनही मिक्सरला देऊ नका, दादांचा मिक्सर जाईल आणि दादा तुम्हाला सोडणार नाहीत.

करंटचं बघा, हे कोणी सांगत नाही. कधी ॲम्पची पिन जाड असते आणि स्टेजवर बोर्ड असतो बारीक पिनांचा, म्हणून कन्व्हर्टर आणि चांगला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा. अमेरिकेहून मामाने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० वर थेट लावायचा नाही. एकदा एका मैदानावर जनरेटरला अर्थिंगच नव्हतं, गिटारच्या तारांना हात होता आणि ओठ माइकला लागले, सणकन झटका बसला, पहिली ओळ शिवीसकट गेली. तेव्हापासून अर्थिंग बघितल्याशिवाय माइकजवळ जात नाही.

ओपन एअर असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद होतो हे धरूनच सेट लावा, साउंडचेक उशिरा झाला तर शेवटची दोन गाणी गेली समजा.

बॅगेत इअरप्लग. १०० डेसिबलला रोज १५ मिनिटांच्या वर थांबू नये असा हिशोब आहे आणि आपण जॅमला तीन तास बसतो. सोबत जास्तीची केबल, पेडलची बॅटरी, ॲम्पच्या मापाचे दोन फ्यूज, आणि एक ६ मीटरची लांब केबल, कारण साउंडचेकला ती लावून स्टेजवरून खाली उतरायचं, हॉलच्या मधे जाऊन उभं राहायचं आणि बँड पूर्ण जोरात वाजत असताना दोन ओळी वाजवून बघायच्या. केबल पुरत नसेल तर मित्राला उभं करा, पण गिटार वाजवणारा मित्र नको, त्याला सगळ्यांची गिटार जास्तच वाटते.