दुखणे इंग्रजीत सांगताना

मराठी माणसाचे दात ठणकतात, गळू ठसठसते, खरचटलेली कातडी चुरचुरते, भाजलेली जागा हुळहुळते, पाठीत उसण भरते, पोटात कळ येते, दंडाला रग लागते आणि तापाआधी अंगात कणकण असते. हाच माणूस मुलांकडे म्हणून लंडनला किंवा न्यू जर्सीला जातो आणि तिथल्या डॉक्टरपुढे बसला, की या सगळ्यांसाठी त्याच्याजवळ एकच शब्द उरतो, तो म्हणजे ‘पेनिंग’. हा शब्द आपल्याकडच्या इंग्रजीत रुळलेला असला, तरी तिकडे कोणी ‘माय लेग इज पेनिंग’ असे म्हणत नाही. त्याचा अर्थ डॉक्टरला कळतो, पण दुखण्याची जात कळत नाही, आणि निदानाचा बराचसा भार त्या जातीवरच असतो. आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना परदेशात दवाखान्यात घेऊन जाणाऱ्यांसाठी, तसेच तिकडे नव्याने राहायला गेलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

सुरुवात चार साध्या शब्दांपासून करावी. ‘हर्ट’ हे क्रियापद आहे आणि आपल्या ‘दुखणे’च्या सर्वांत जवळचे आहे: ‘माय नी हर्ट्‌स’ म्हणजे गुडघा दुखतो. ‘पेन’ हे नाम आहे, आणि इंग्रजीत ते जवळ बाळगायचे असते: ‘आय हॅव अ पेन इन माय साइड’. ‘एक’ (ache) म्हणजे मंद, रेंगाळणारी, खोलवरची वेदना. डोके, दात, कान, पोट आणि पाठ यांना हा शब्द जोडून हेडेक, टूथेक, इअरेक, स्टमकेक, बॅकेक असे जोडशब्द होतात, मात्र गुडघ्याला किंवा पायाला तो तसा जोडला जात नाही. ‘सोअर’ म्हणजे वापरून, घासून किंवा सुजून दुखरे झालेले, जसे खवखवणारा घसा किंवा खूप चालल्यानंतरच्या पोटऱ्या. डॉक्टर पोट दाबून ‘इज इट टेंडर हिअर?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना आपोआप होणारे दुखणे नव्हे, तर हात लावल्यावर होणारे दुखणे हवे असते. या प्रश्नाला सवयीने ‘येस’ म्हणू नये. त्यांचा हात जिथे असेल तिथे त्या क्षणी दुखले, तरच होकार द्यावा.

जागा आधी सांगावी

मराठीत ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत असतो आणि ‘पाय’ मांडीपासून तळव्यापर्यंत. इंग्रजीत ‘आर्म’ आणि ‘हँड’ वेगळे, ‘लेग’ आणि ‘फुट’ही वेगळे. पोटरीत गोळा आलेल्या माणसाने ‘फुट’ म्हटले, तर डॉक्टर त्याला बूट काढायला सांगणार. पायाच्या बोटाला ‘टो’ म्हणतात, ‘फिंगर’ नव्हे. कंबर दुखत असेल तर ‘वेस्ट’ हा शब्द उपयोगाचा नाही, कारण तो पट्टा बांधण्याच्या जागेचा आहे, आणि तिथे ‘लोअर बॅक’ म्हणावे लागते. शब्द आठवला नाही तर एका बोटाने जागा दाखवावी, आणि दुखणे पसरलेले असेल तर संपूर्ण तळवा फिरवून दाखवावे. बोट आणि तळवा यांतला हा फरकही डॉक्टर पाहत असतात.

दुखण्याची जात

इथे दोन भाषांच्या स्वभावातला एक फरक लक्षात घेतला, तर पुढचे काम सोपे होते. मराठी दुखण्याचा नाद आणि ठेका पकडते. ठणठण, ठसठस, चुरचुर, हुळहुळ, भणभण हे शब्द कानाला आधी कळतात आणि अर्थ मागाहून येतो. इंग्रजी मात्र पुष्कळदा हत्याराचे नाव घेते: ‘स्टॅबिंग’ म्हणजे भोसकल्यासारखे, ‘शूटिंग’ म्हणजे बाण किंवा गोळी सुटावी तसे, ‘बर्निंग’ म्हणजे जाळल्यासारखे, ‘क्रशिंग’ म्हणजे चिरडल्यासारखे, ‘नॉइंग’ म्हणजे कुरतडल्यासारखे, ‘स्प्लिटिंग’ म्हणजे दुभंगल्यासारखे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेदनाप्रश्नावलीत असे 78 शब्द 20 गटांत मांडलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी शब्द सुतार, लोहार किंवा शिकारी यांच्या कामातून आल्यासारखे वाटतात. म्हणून मराठी शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसण्याऐवजी रुग्णाला असे विचारावे, की कोणी काय केले तर असे दुखेल? सुई टोचल्यासारखे, की कपडा पिळल्यासारखे, की वर पाटा ठेवल्यासारखे? या प्रश्नाचे उत्तर थेट इंग्रजीत नेता येते.

या रीतीने ठणक्याला ‘थ्रॉबिंग’ म्हणावे, कारण त्यात नाडीचा ठोका आहे (हा शब्द मात्र हत्याराचा नाही, तो आपल्यासारखाच ठेक्याचा आहे). सणक किंवा चमक निघत असेल तर ‘शूटिंग पेन’, टोचत असेल तर ‘प्रिकिंग’ आणि खोलवर भोसकल्यासारखे होत असेल तर ‘स्टॅबिंग’. पोटात पिळवटून कळा येत असतील तर ‘क्रॅम्पिंग’ हा शब्द योग्य, आणि पोटरीत येणाऱ्या गोळ्यालाही ‘क्रॅम्प’च म्हणतात. डोळे चुरचुरत असतील तर ‘स्टिंगिंग’, मुंग्या येत असतील तर ‘पिन्स अँड नीडल्स’, जागा बधिर झाली असेल तर ‘नम्ब’, मान अवघडली असेल तर ‘स्टिफ’. उसण भरली असेल तर ‘आय हॅव पुल्ड अ मसल इन माय बॅक’ असे सांगितले की पुरते. अंग मोडून आले असेल तर ‘आय एक ऑल ओव्हर’. दुखणे मंद असून ठिकाण नीट दाखवता येत नसेल, तर ‘डल एक’ हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

ब्रिटनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुखण्याविषयी काय काय विचारायचे ते ‘सॉक्रेटिस’ या नावाच्या अक्षरांवरून लक्षात ठेवायला शिकवतात: जागा, सुरुवात, जात, पसरणे, सोबतची लक्षणे, वेळ, कशाने वाढते व कशाने थांबते, आणि तीव्रता. प्रश्न साधारण याच क्रमाने येणार हे माहीत असेल, तर उत्तरे घरीच तयार ठेवता येतात. थांबून थांबून दुखत असेल तर ‘इट कम्स अँड गोज’, सतत असेल तर ‘इट्स देअर ऑल द टाइम’, आणि कळ हातात उतरत असेल तर ‘इट गोज डाउन माय आर्म’ असे सांगावे. ‘हॅव यू बीन सिक?’ असे इंग्लंडमध्ये विचारले, तर तुम्ही आजारी होतात का असा त्याचा अर्थ नसून उलटी झाली का, असा तो प्रश्न असतो. अमेरिकेत मात्र ‘सिक’ म्हणजे आजारी.

जिथे भाषांतर घात करते

काही मराठी शब्द इंग्रजीत सहज नेता येतात असे वाटते, आणि तेच शब्द सर्वांत धोक्याचे आहेत. ‘अशक्तपणा’ला आपण ‘वीकनेस’ म्हणतो, पण डॉक्टरच्या कानाला ‘वीकनेस’ म्हणजे हाता-पायातली ताकद गेली असे ऐकू येते, आणि तो पक्षाघाताच्या दिशेने विचार करू लागतो. नुसता थकवा असेल तर ‘टायर्ड’ किंवा ‘नो एनर्जी’ म्हणावे. उलट हात खरोखरच उचलता येत नसेल, तर ‘वीक’ हाच शब्द ठासून सांगावा. ‘पित्त झाले’ हे वाक्य तर तसेच्या तसे नेताच येत नाही, कारण मराठीत त्याचा अर्थ आंबट ढेकर, मळमळ, अर्धे डोके दुखणे किंवा अंगावर गांधी उठणे यांपैकी काहीही असू शकतो. नक्की काय होते ते सांगावे. छातीतल्या जळजळीला तिकडे ‘हार्टबर्न’ म्हणतात, ज्याचा हृदयाशी संबंध नाही, आणि ‘हार्टेक’ म्हणजे मनाचे दुःख. गॅसला ब्रिटनमध्ये ‘विंड’ म्हणतात. चक्कर येत असेल तर खोली गरगर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे वेगळे करून सांगावे, कारण दोन्हींची कारणे वेगळी असतात.

या सगळ्यांत ‘घाबरणे’ हा शब्द मी जन्मभर विसरणार नाही. माझी आई इंग्लंडला आमच्याकडे आली असताना एके सकाळी खुर्चीत बसून म्हणाली, ‘जीव घाबराघुबरा होतोय गं.’ रुग्णालयात नर्सने काय होते असे विचारले, आणि मी सांगितले, ‘शी इज फीलिंग स्केअर्ड.’ नर्सने अतिशय मायेने आईचा हात हातात घेतला, ‘डोन्ट वरी, लव्ह’ म्हणाली आणि पाणी आणायला वळली. आईची मूठ छातीच्या मधोमध दाबलेली होती आणि कपाळावर घामाचे थेंब होते. मी पुन्हा विचारले, ‘आई, कसं होतंय?’ ती म्हणाली, ‘कुणी वरवंटा ठेवलाय जणू.’ मी म्हटले, ‘इट्स हेवी, लाइक अ वेट ऑन हर चेस्ट.’ काही मिनिटांतच तिच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या गेल्या. त्या दिवशी आईने दोन्ही वेळा खरेच सांगितले होते, फक्त पहिल्या वेळी मी तिची व्याधी सोडून तिचा शब्द भाषांतरित केला.

म्हणून छातीसाठी हे शब्द पाठच करावेत: ‘टाइटनेस’ म्हणजे आवळल्यासारखे, ‘प्रेशर’ म्हणजे दाब, ‘हेवी’ म्हणजे जड. सोबत घाम, धाप, किंवा जबड्याकडे अथवा हाताकडे जाणारी कळ असेल, तर शब्द शोधण्यात वेळ न घालवता ब्रिटनमध्ये 999 आणि अमेरिकेत 911 हा क्रमांक लावावा.

तीव्रता विचारताना 0 ते 10 असा आकडा मागतात, आणि 10 म्हणजे कल्पना करता येईल तेवढे भयंकर. आपली वडीलधारी माणसे संकोचाने ‘थोडेसे’ म्हणतात, तर घाबरलेली माणसे सरळ 10 सांगून मोकळी होतात. आकड्याला रोजच्या जगण्याचा पुरावा जोडणे उत्तम: ‘सेव्हन, इट वेक्स मी अ‍ॅट नाइट’, किंवा जिना चढवत नाही, भांडे उचलवत नाही. इंग्रज माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल फार कमी करून बोलतो. ‘अ बिट सोअर’ आणि ‘नॉट टू बॅड’ या शब्दांमागे बरेच काही दडलेले असते, आणि इंजेक्शनआधी डॉक्टर ‘शार्प स्क्रॅच’ किंवा ‘सम डिस्कम्फर्ट’ म्हणाले, तर दुखणार हे समजून असावे. तुम्ही मात्र त्यांचे अनुकरण करू नये. असेल तेवढे सांगावे.

मनाचे दुखणे

मनाच्या बाबतीतही इंग्रजी तीच हत्यारे हाती घेते. हृदय ‘ब्रोकन’ होते, माणूस ‘क्रश्ड’ होतो, ‘टॉर्न अपार्ट’ होतो, ब्रिटनमध्ये तर ‘गटेड’ होतो, म्हणजे मासळी साफ करताना आतडी काढावीत तसा आतून रिकामा. ‘हर्ट’ हा शब्द दोन्हीकडे चालतो: ‘आय हर्ट माय हँड’ म्हणजे हाताला लागले, आणि ‘आय वॉज हर्ट’ म्हणजे बहुधा बोलणे मनाला लागले. आपल्याही ‘लागणे’त दोन्ही अर्थ आहेतच. ‘कट टू द क्विक’ या प्रयोगातले ‘क्विक’ म्हणजे नखाखालचे जिवंत मांस, आणि ‘जिव्हारी लागले’ यातल्या जिव्हारातही जीवच आहे. दोन्ही भाषांनी मर्माची एकच जागा ओळखावी, याचे मला फार समाधान वाटते.

दवाखान्यात मात्र रूपकांपेक्षा साधे शब्द बरे. मन उदास असेल तर ‘लो’ किंवा ‘डाउन’, काहीच जाणवत नसेल तर ‘नम्ब’, सतत धाकधूक असेल तर ‘अँग्झियस’ किंवा ‘ऑन एज’, सगळे अंगावर आल्यासारखे वाटत असेल तर ‘ओव्हरव्हेल्म्ड’. आपण ज्याला टेन्शन म्हणतो त्याला तिकडे ‘स्ट्रेस’ म्हणतात. ‘मन लागत नाही’ याचे शब्दशः भाषांतर करू नये, ‘आय हॅव लॉस्ट इंटरेस्ट इन थिंग्ज’ असे म्हणावे. नैराश्य तपासण्यासाठी देतात त्या पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या कागदावर पहिला प्रश्न हाच असतो: गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस किंवा आनंद वाटत नाही असे किती दिवस झाले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. तो सर्वांना विचारतात, त्यात अपमान मानू नये, आणि खरे असेल ते सांगावे. विचार अनावर होत असतील, तर ब्रिटनमध्ये 116 123 आणि अमेरिकेत 988 या क्रमांकांवर दिवसरात्र माणूस भेटतो.

इथे एक गोष्ट जपावी लागते. आपली कितीतरी माणसे मनाचे दुखणे शरीराच्या शब्दांत सांगतात. डोके भणभणते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात. अशा वेळी दुभाष्याने ‘हे मनाचे आहे’ असा निवाडा स्वतःच करू नये. रुग्णाने धडधड म्हटले तर ‘माय हार्ट इज पाउंडिंग’ असेच न्यावे, आणि घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर तेही पुढच्या वाक्यात सांगावे. नातवंडांना दुभाषी करू नये, कारण आजी त्यांच्यापुढे सगळे बोलत नाही. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत दुभाषी विनामूल्य मागता येतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर’ हवा असे सांगून ठेवावे आणि हिंदीवर भागवून घेऊ नये.

निघण्यापूर्वी रुग्णाला मराठीतच शांतपणे सगळे सांगू द्यावे, आणि त्याचेच शब्द एका कागदावर आधी मराठीत व त्याखाली इंग्रजीत उतरवावेत. उदाहरणार्थ: उजवा गुडघा, तीन आठवड्यांपासून, जिना उतरताना चमक निघते, रात्री ठणकतो, सकाळी अर्धा तास अवघडलेला, शेकल्याने बरे वाटते, आकडा 6. चालू औषधांची नावे मागच्या बाजूला लिहावीत, आणि कागदाची एक प्रत रुग्णाच्या स्वतःच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे तुम्ही सोबत नसलात तरी ती डॉक्टरपुढे धरता येईल.