कलादालनातील कर्मचाऱ्यांना सहभागी कलाकृतीत सामील करून घेताना

सहभागी कलाकृती, म्हणजे प्रेक्षकांच्या हातभाराने घडणारी कलाकृती, मांडणारा कलावंत उद्घाटनाला हजर असतो आणि पुढे फार तर शनिवार-रविवारी डोकावतो; एरवी दिवसभर तिच्याजवळ बसून असतो तो सुरक्षारक्षक. ‘हात लावला तर चालेल का?’ हा प्रश्न प्रेक्षक त्यालाच विचारतो आणि त्याच्या उत्तरावर कलाकृतीचे भवितव्य ठरते. नाशिकमधील एका लहान दालनात हे मला माझ्याच चुकीमुळे कळले.

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरील मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी उठवलेला पोत, डोळ्यांपुढे ठेवून मी तांब्याचा एक पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवला होता. येणाऱ्या प्रत्येकाने हातोडीचा एक ठोका मारावा आणि पंधरा दिवसांत त्या ठोक्यांतून पत्र्याचा पोत घडावा, अशी कल्पना होती. तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा पत्र्यावर जेमतेम वीस ठोके होते आणि हातोडी रक्षकाच्या टेबलाच्या खणात होती. त्याचे काहीच चुकले नव्हते. वस्तूंना हात लावू न देणे हेच त्याचे काम. या एका वस्तूपुरता नियम उलटा आहे, हे त्याला कोणी लेखी कळवले नव्हते आणि पत्रा बिघडला असता तर जाब त्यालाच द्यावा लागला असता.

म्हणून आराखडा पक्का होण्याआधीच कर्मचाऱ्यांशी बोलावे, आणि तेही व्यवस्थापकाच्या खोलीत नव्हे, तर त्यांच्या चहाच्या वेळी, दोन्ही पाळ्यांतील माणसांशी वेगवेगळे. ‘सहभागी कला’ हा शब्द तेथे फारसा उपयोगी पडत नाही. मी रंगपंचमीच्या रहाडीचे, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतील हौदाचे उदाहरण दिले: रहाडीत धप्पा मारणाऱ्याइतकाच, म्हणजे उडी घेणाऱ्याइतकाच, वर्षभर बुजवलेली रहाड खणून उघडणाराही त्या खेळात असतो. नाशिककराला यापुढे काही सांगावे लागत नाही. मात्र बोलणे झाले तरी नियमातील बदल दालनाच्या सहीशिक्क्यानिशी लेखी घ्यावा आणि त्याची प्रत रक्षकाच्या हाती द्यावी.

मोबदल्याचा विषय संकोचामुळे टाळला जातो. तो पहिल्याच बैठकीत काढावा. रक्षक आणि सफाई कर्मचारी पुष्कळदा ठेकेदाराकडून आलेले असतात, त्यामुळे दालनाची परवानगी म्हणजे त्यांची संमती नव्हे. बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात 2022 मध्ये 17 सुरक्षारक्षकांनी एका प्रदर्शनासाठी कलाकृती निवडल्या, तेव्हा त्यांना त्या कामाचे वेगळे मानधन दिले गेले होते. लहान दालनात रक्कम लहान असेल, पण ती असावी. आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला कारण विचारू नये.

यानंतर सर्वांत अवघड भाग येतो: त्यांच्या सूचनेने कलाकृती बदलू देणे. दिवसभर ठणठणाट ऐकून डोके दुखते, असे रक्षकाने सांगितले आणि ठोकळ्याखाली गोणपाटाच्या घड्या घालण्याचा उपायही त्यानेच सुचवला. आवाज बसका झाला, आणि मला तो अधिक आवडला. सफाईच्या मावशींनी तर एका सकाळी बोटांच्या डागांनी काळवंडलेला अर्धा पत्रा चिंच लावून लख्ख केला. तो काळेपणा मला हवा होता, त्यामुळे क्षणभर रागच आला. पण मिअर्ल लॅडरमन युकलीस या अमेरिकी कलावतीने 1973 मध्ये हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशी स्वतः धुऊन, निगा राखणे हीच कला म्हणून मांडली होती. तिचे कौतुक करणाऱ्या मला मावशींची चिंच खुपावी, हे जरा हास्यास्पदच होते. त्यानंतर अर्धा पत्रा रोज उजळायचा आणि अर्धा तसाच ठेवायचा, असे आम्ही ठरवले. प्रेक्षक सर्वाधिक वेळ थांबले ते त्या दोन भागांमधील रेषेपाशी.

कलाकृतीशेजारच्या फलकावर नावे द्यायची असतील, तर प्रत्येकाला एकांतात विचारावे. रक्षकाने आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि रविवारी घरच्यांना ते दाखवायला आणले. मावशींनी मात्र नको म्हटले. कामाच्या वेळेत हे कधी केले, असे ठेकेदार विचारील, ही त्यांची भीती होती. फलकावर त्यांची ओळ आली नाही. मानधनाचे पाकीट त्यांना इतरांसारखेच दिले.