पॉवर सप्लाय किती वॅटचा? हार्डवेअरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा हार्डवेअरचा ट्रेड करून किंवा थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात उमेदवारी करत तुम्ही या कामात आलात, तर गिऱ्हाईक रोज एक प्रश्न विचारणार: "या मशीनला कितीचा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) लागेल?" खोक्यावरचा मोठा आकडा बघून उत्तर द्यायची सवय लावून घेऊ नका. या कामातली बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात.

सप्लाय खोक्यातून बाहेर काढा आणि त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. 3.3, 5 आणि 12 व्होल्ट असे रकाने असतात, त्यांच्याखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतात, त्यामुळे कामाचा आकडा तिथलाच. अँपिअरला 12 ने गुणा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या '450' च्या लेबलवर 12 व्होल्टपुढे 18 अँपिअर लिहिलेले असतील, तर तो सप्लाय त्या लाइनवर 216 वॅटच देतो. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात आणि आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. चांगल्या 550 वर हाच आकडा 45 अँपिअरच्या आसपास, म्हणजे 540 वॅट असतो. लेबलवर 12 व्होल्टचे दोन रकाने असले, तर त्यांची बेरीज करू नका. दोन्ही मिळून कमाल किती वॅट, ते खाली वेगळं दिलेलं असतं, तेच धरा.

आता मशीनची गरज. प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे त्याच्या माहितीत दिलेला उष्णतेचा वॅटमधला आकडा, हा त्याचा कमाल खप नव्हे. एएमडीच्या एएम4 आणि एएम5 सॉकेटवर साधारण टीडीपीच्या 1.35 पट धरा: 65 वॅटचा 88 पर्यंत जातो, 105 चा 142, 170 चा 230. इंटेल दोन आकडे छापतं, मूळ आणि कमाल. आय5-12400 ला 65 आणि 117, आय7-14700के ला 125 आणि 253. हिशेबात नेहमी मोठा आकडा घ्या. ग्राफिक्स कार्डासाठी पूर्ण कार्डाचा खप बघा: आरटीएक्स 4060 चा 115, 3060 चा 170, 4070 चा 200 वॅट. बोर्ड आणि रॅम मिळून 50, एसएसडी 5 ते 8, पंखा 2-3. साडेतीन इंची हार्ड डिस्क चालू असताना 8 वॅटच्या आसपास घेते, पण सुरू होताना तिची मोटर 12 व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. सीसीटीव्हीच्या फुटेजसाठी चार-सहा डिस्क लावलेलं मशीन बांधताना हे विसरून चालत नाही.

रायझन 5 7600 आणि आरटीएक्स 4060 घ्या. 88 अधिक 115 अधिक बाकीचे 65, म्हणजे 270 च्या आत. मघाचा 216 वॅटचा '450' इथे कमी पडणार, आणि एखाद्या चांगल्या कंपनीचा खरा 450 आरामात चालणार. तरी आम्ही 550 सुचवतो. कार्डाच्या कंपनीची शिफारसही 550 चीच आहे, आणि दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाईक कार्ड बदलायला आलं की सप्लाय तोच राहतो. टॅलीपुरतं मशीन असेल, म्हणजे आय3-12100 आणि वेगळं कार्ड नाही, तर सगळं मिळून 150 च्या वर जात नाही. तिथे 750 विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं.

ठोकताळा असा: बेरीज सप्लायच्या 60-70 टक्क्यांत बसली पाहिजे. हे अंतर हौसेखातर ठेवायचं नाही. मोठी ग्राफिक्स कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या दुप्पट वीज ओढतात. म्हणूनच पॉवर सप्लायच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात असे क्षणिक झटके सोसण्याची अट घातली गेली. 4070 च्या वरचं कार्ड असेल, तर या मानकाचाच सप्लाय घ्या.

80 प्लसचा ब्राँझ-गोल्ड बिल्ला कार्यक्षमतेचा असतो, वॅटचा नाही. 550 चा ब्राँझ आतल्या भागांना 550 च देतो, फक्त भिंतीतून त्याहून जास्त ओढतो. बिल्ला कुणीही छापू शकतो, तेव्हा मॉडेलचं नाव 80 प्लसच्या अधिकृत यादीत शोधा. आणि मोठा सप्लाय लावला म्हणून वीजबिल फुगत नाही. मशीन जेवढं मागतं तेवढंच तो ओढतो.

केबलच्या बाबतीत हयगय नको. ग्राफिक्स कार्डाच्या 6 पिनला 75 वॅट, 8 पिनला 150, आणि स्लॉटमधून 75. कार्डाला दोन 8 पिन असतील, तर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल न्या. मोलेक्सवरून (जुन्या डिस्कच्या चार पिनांच्या जोडणीवरून) 8 पिन करणारे कन्व्हर्टर तापून वितळतात. मॉड्युलर (केबल वेगळ्या काढता येणाऱ्या) सप्लायची केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका: टोक बसतं, पण सप्लायच्या बाजूची पिनरचना वेगळी असू शकते आणि डिस्क, बोर्ड क्षणात जळतात. जुन्या सप्लायला मागे 115/230 चं लाल बटण असेल, तर प्लग लावण्याआधी ते 230 वर आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

मुंबईच्या घरांत आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली अर्थिंग. जुन्या चाळींत प्लग तीन पिनांचा दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि हात लावल्यावर झिणझिण्या येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "एसएमपीएस शॉक मारतो." सप्लाय बदलून काही होत नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थमध्ये मोजा: 230 च्या जवळ आकडा आला पाहिजे. नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा.

दुसरी यूपीएस. 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण 360 वॅटचा असतो. गेम खेळताना आतले भाग 300 ओढत असतील, तर 85 टक्के कार्यक्षमतेने भिंतीकडचा खप 353 होतो, वर मॉनिटरचे 25-30. दिवे गेले की मशीनही गेलं. इथे 1000-1100 व्हीए लागतो, आणि गिऱ्हाइकासमोर लोड चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून दाखवावा. अॅक्टिव्ह पीएफसीचे (भिंतीतून घेतलेला प्रवाह नीट आकारात ठेवणाऱ्या सर्किटचे) काही सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बंद पडतात, ते तिथेच कळतं.

उकाड्याचंही भान ठेवा. चांगला सप्लाय 40 किंवा 50 अंशांवर पूर्ण वॅट देईल असं रेट केलेला असतो, स्वस्त मालाला अशी हमी क्वचितच असते. मे महिन्यात बंद टेबलाच्या खणात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये हा फरक लगेच दिसतो.

"गेम चालू केला की मशीन रिस्टार्ट होतं" ही तक्रार आली, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (नोंदवहीतली) कर्नल-पॉवर 41 ची नोंद बघून सप्लायवर ठपका ठेवू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते. आधी तापमान बघा. ते ठीक असेल, तर सॉफ्टवेअरमधून ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणा आणि तोच गेम अर्धा तास चालवा. रिस्टार्ट थांबला तर संशय सप्लायवर किंवा कार्डाच्या केबलवर. लोड असताना 12 व्होल्टची लाइन मल्टिमीटरने मोजा: 11.4 च्या खाली गेली की सप्लाय बदला. लाइन ठीक असून मशीन पडत असेल, तर तेवढ्याच खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघितल्याशिवाय बिल फाडू नका.