मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर धारेवर लक्ष कसे ठेवावे

युरेथ्रोप्लास्टी म्हणजे आवळलेला मूत्रमार्ग मोकळा करण्याची शस्त्रक्रिया. तिच्यानंतर धार मोकळी झाली की अनेकजण फेरतपासण्या सोडून देतात. हे करू नका. मार्ग परत आवळतो तो बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत, आणि बराच आवळेपर्यंत लघवी करताना काहीच जाणवत नाही.

कॅथेटर (लघवीची नळी) साधारण दोन ते चार आठवडे राहतो. काढण्याच्या वेळी मूत्रमार्गात डाय (एक्स-रेवर दिसणारे द्रव) घालून एक्स-रे होतो. जोडातून गळती दिसली तर तो आणखी काही दिवस ठेवावाच लागतो.

तीन महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी युरोफ्लो (मशीनच्या भांड्यात लघवी करून धारेचा वेग मोजण्याची चाचणी) करायचा, सोबत मूत्राशयात किती लघवी उरली ते पाहायला लघवीनंतरची सोनोग्राफी. डॉक्टरांचे वेळापत्रक थोडे वेगळे असेल तर ते पाळा.

घोळ होतो तो युरोफ्लोत. 'भरपूर पाणी पिऊन या' हा सल्ला अर्धवट आहे. लघवी 150 मिलीपेक्षा कमी झाली तर आकडा टाकाऊ. उलट तासन्‌तास रोखून मूत्राशय तट्ट फुगवले तरी त्याचा जोर कमी पडतो आणि धार उगाच मंद दिसते. तासभर आधी दोन-तीन पेले पाणी प्या, नेहमीसारखी लागली की जा. कुंथू नका. धार भांड्यात एकाच जागी पडू द्या. हलवली की आलेखावर खोटे सुळके उमटतात आणि मशीन त्यालाच कमाल वेग समजते.

कमाल वेग सेकंदाला 15 मिलीच्या वर असला की लोक निश्चिंत होतात. आधी आलेखाचा आकार पाहा. घंटेसारखा चढून उतरला तर उत्तम. थोडा चढून पठारासारखा लांबत गेला तर आकडा बरा असूनही शंका घ्या. तुलना स्वतःच्याच पहिल्या आलेखाशी करा: 28 वरून 17 वर आलेली धार 'नॉर्मल' नव्हे. म्हणून सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. मात्र प्रोस्टेट वाढल्याने किंवा मूत्राशय अशक्त असल्यानेही धार मंदावते, तेव्हा निदान एकट्या युरोफ्लोवर होत नाही.

म्हणूनच तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका. धार चांगली असतानाच सुरू झालेला आवळ तिथे दिसतो. दुर्बीण अडली तर जोर लावून पुढे सारायची नसते. डायचा एक्स-रे काढून जागा आणि लांबी पाहतात.

लघवीनंतर थेंब गळणे म्हणजे आजार उलटला असे नाही. अंडकोशामागे बोटांनी दाबत पुढे आणा, अडकलेली लघवी निघून जाते.

लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पुढे कुठल्याही कारणाने कॅथेटर घालायची वेळ आली, तर घालणाऱ्याला या शस्त्रक्रियेबद्दल आधी सांगा.