हातासरशी बांधही फवारू का?

नोव्हेंबर सरत आला की बांधावरच्या गवतात पाय टाकताच नाकतोडे उडतात, आणि नेहमीचा प्रश्न येतो: हरभऱ्यात घाटेअळीला फवारणारच आहोत, तर उरलेल्या पंपात बांधही उरकून घेऊ का? नको. आणि हरभऱ्यातही जरा थांबा.

भात, ज्वारी आणि गवतावरचा हायरोग्लिफस नाकतोडा वर्षाला एकच पिढी काढतो. पिल्लं पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मादी बांधाच्या मातीत 5 ते 8 सेंटिमीटर खोल अंड्यांचे पुंजके घालते. म्हणजे आत्ता उडतोय तो म्हातारा, काही दिवसांचा सोबती. त्याच्यावर औषध म्हणजे गवतात ओतलेले पैसे. मातीतल्या अंड्यांना ते लागतच नाही.

हरभऱ्यातल्या कॅम्पोलेटिस गांधीलमाशीचं गणित उलटं. तिला थंडी मानवते. नोव्हेंबर ते जानेवारी ती जोरात असते, ऊन तापायला लागलं की कमी होते. बारीक कमरेची ही माशी लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरून आठवडाभरात बाहेर येतं आणि तिथेच कोष विणतं. वाकून पाहा: पानावर तांदळाच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, काळसर ठिपक्यांचा कोष आणि त्याला चिकटलेलं अळीचं वाळकं कातडं. किडीचीच अंडी समजून हे कोष चिरडणारेही मला भेटलेत!

म्हणून आधी मोजणी. शेतात आठ-दहा ठिकाणी मीटरभर ओळीतल्या अळ्या मोजा. सरासरी मीटरला एक-दोन अळ्यांच्या खाली असेल तर माशीला काम करू द्या. लहान अळ्या वाढताना दिसल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क, नाहीतर घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही). विषाणू संध्याकाळीच फवारा, उन्हात तो निकामी होतो. सरसकट मारणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं या दिवसांत घेतलीत तर अळीआधी माशी जाईल. पुढच्या पेरणीत हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी ठेवा, फुलांवर ही माशी येते.

नाकतोड्याचा हिशेब एप्रिल-मेमध्ये, कुदळीने. बांधाच्या कडा तासा, शेताची खोल नांगरट करा. तासलेली माती लगेच दाबून बसवू नका. चार दिवस उन्हात पसरलेली राहू द्या, साळुंक्या येऊन अंडी वेचतात.