जेमीनं त्या पोराला का ढकललं? पात्रांच्या हेतूंवर नीट वाद कसा घालावा

इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे-जलेबी असते आणि पोह्यांवर जीरावन पडायच्या आत कुणीतरी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ काढतं, म्हणजे राजगादीसाठी भांडणाऱ्या घराण्यांची आणि ड्रॅगनची ती इंग्रजी मालिका. मालिका २०१९ मध्ये संपली, आमचा वाद काही संपलेला नाही. २०२२ पासून त्यात त्याच जगातल्या जुन्या काळाच्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ची भर पडली. बसणारे पाच-सहा जण: मी, धाकटा भाऊ, पुण्याहून आलेली वहिनी, शेजारचे काका आणि मावशी. मावशीनं दोन्ही मालिका हिंदीत बघितल्यात आणि तिची आठवण सगळ्यांत पक्की आहे. सुरुवातीला आमचा वाद म्हणजे नुसता आरडाओरडा असायचा. हळूहळू एक रीत बसली, ती सांगतो. खाली दोन्ही मालिकांची रहस्यं उघड केलेली आहेत, तेव्हा बघायचं बाकी असेल तर आधी बघून या.

प्रश्न लहान करा

‘डेनेरिस (गादीवर हक्क सांगणारी ड्रॅगनवाली राणी) चांगली की वाईट?’ हा प्रश्न घेतलात तर दुपारच्या जेवणापर्यंत तिथंच. त्याऐवजी एक सीन धरा. घंटा वाजल्या, शहर शरण आलं, तरी तिनं ड्रॅगन शहरावर का वळवला? एक पात्र, एक कृती, एक घडी. आमच्याकडे प्रश्न ठरल्याशिवाय दुसरी जलेबी नाही.

त्या घडीला त्याला काय ठाऊक होतं?

खरं काम इथं आहे. आपण सोफ्यावर बसून सगळं बघितलेलं असतं, पात्रानं नाही. तरी आपण आपलं ज्ञान त्याच्या डोक्यात घालतो आणि मग त्याला मूर्ख ठरवतो.

आमचं सगळ्यांत मोठं भांडण स्टार्क घराण्याच्या कॅटलिनवरून झालं. दुसऱ्या सीझनमध्ये ती कैदेतल्या शत्रूला, जेमी लॅनिस्टरला, सोडून देते, आपल्या मुली परत मिळाव्यात म्हणून. भाऊ म्हणाला, “डोकं फिरलं होतं तिचं. दोन पोरं मेल्याचं कळल्यावर कुठली आई सरळ विचार करेल?” मावशी म्हणाली, “तिला कुठं कळलं होतं? तू खोटं बोलून राहिला आहेस.” (वहिनी अशा वाक्यांना अजून हसते. हसू दे, आमची मराठी अशीच.) एपिसोड परत लावला. मजा म्हणजे दोघंही बरोबर निघाले. भावानं पुस्तक वाचलेलं. पुस्तकात तिची मुलं ब्रॅन आणि रिकन मेल्याची बातमी तिला आधी मिळते, खोटी असली तरी तिच्या लेखी खरीच, आणि त्या दुःखात ती जेमीला सोडते. मालिकेत तिला मुलं मेल्याचं ठाऊक नाही. तिथं तिला दिसतंय ते वेगळंच: जेमीनं मारलेल्या आपल्या मुलाच्या सूडानं पेटलेला लॉर्ड कारस्टार्क जेमीला मारणार, आणि जेमी मेला की मुली परत मिळायची आशाही गेली. कृती तीच, पण एकीकडे शोक आणि दुसरीकडे हिशेब.

म्हणून पुस्तक आणि मालिका वेगवेगळ्या ताटात वाढा. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ला हे जास्तच लागू. ज्या पुस्तकावर ती बेतली आहे ते इतिहासाच्या थाटात लिहिलेलं आहे. साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतात, त्यांत एक तर दरबारचा विदूषक. आपल्या बखरी वाचल्यासारखंच वाटतं. मरणाच्या दारात राजा व्हिसेरिस पूर्वज एगॉनच्या स्वप्नाबद्दल पुटपुटतो आणि त्याची राणी अ‍ॅलिसेंटला वाटतं, आपल्या मुलाला, एगॉनला, गादी द्यायला सांगतोय. हा गैरसमज पुस्तकात नाहीच, तो मालिकेनं घातला. मालिकेतली अ‍ॅलिसेंट म्हणून खोटारडी ठरत नाही. पण काका लगेच विचारतात, तिला जे ऐकायचं होतं तेच तिनं ऐकलं नसेल कशावरून? हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यातच तिचे वडील आणि दरबारी तिला न सांगता आधीपासून तोच बेत करत होते, हेही मालिका दाखवते.

पात्र स्वतः सांगतं तेव्हा, कुणाला सांगतंय ते बघा

पहिल्याच एपिसोडमध्ये जेमी आणि त्याची बहीण, राणी सर्सी, यांचे संबंध ब्रॅननं बघितले म्हणून जेमी त्याला बुरुजाच्या खिडकीतून ढकलतो आणि ते प्रेमापोटी केल्याचं म्हणतो. ऐकणारी सर्सी, मग दुसरं काय म्हणणार? पोरानं तोंड उघडलं असतं तर बहीण, तिची तीन मुलं आणि तो स्वतः, कुणाचंच डोकं शाबूत राहिलं नसतं. तिसऱ्या सीझनमध्ये हाच माणूस हात तुटलेला, तापानं फणफणलेला, हमामात ब्रिएन या योद्धा बाईला सांगतो की वेड्या राजानं सगळं शहर जाळायचं ठरवलं होतं, म्हणून मी राजाला मारलं. इथं त्याला काही मिळवायचं नाही. मी अशा कबुलीला जास्त वजन देतो. वहिनी देत नाही. तिच्या मते माणूस स्वतःशीही वकिली करतो.

त्या जगाचे कायदे लावा, आपले नंतर

शपथ, औरस-अनौरस, घराण्याचं नाव आणि ओलीस. थिऑन स्टार्कांच्या घरी वाढला, पण होता ओलीस. बापानं पुन्हा बंड केलं असतं तर मुंडकं याचं गेलं असतं. हे धरून दुसरा सीझन बघा. स्टार्कांच्या रॉबला सावध करणारं पत्र तो लिहितो आणि मेणबत्तीवर जाळतो. त्याला नुसतं ‘गद्दार’ म्हणून भागत नाही. त्याला एकच घर निवडायचं होतं आणि दोन्ही घरांनी त्याला अर्धाच आपला मानलं होतं.

हेतू एकच असावा असा हट्ट नको

सवय म्हणून इंदूरकरांनी घरचंच उदाहरण घ्यावं. विठोजी होळकरांना पेशव्यांनी पुण्यात १८०१ मध्ये हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. भावाचा सूड? की होळकरांची दौलत शिंद्यांच्या तावडीतून सोडवायची होती? दोन्ही खरं आहे. वाद ‘हे की ते’ असा नसतो, जास्त ओढ कशाची हा असतो. (शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे पाहुणे बसले असतील तर हे उदाहरण जरा जपून.)

प्रत्येकानं आपापला क्रम लावून सांगावा: आधी काय, मग काय. समोरच्याचा क्रम ऐकल्यावर एकदा तरी विचारावं, “कुठल्या सीनवरून?” सीन दाखवता आला नाही तर ती नुसती थिअरी. थिअरीला बंदी नाही, पण ती चहाच्या वेळेला.

‘लेखकांनी घाई केली’ हे उत्तर शेवटी

हे फार सोपं हत्यार आहे. शेवटचा सीझन सहाच एपिसोडचा, त्यामुळे डेनेरिसच्या बाबतीत भाऊ ते पहिल्या मिनिटाला उपसतो. आमचा नियम असा की आधी पात्राच्या बाजूनं तीन कारणं शोधायची. तिच्यासाठी ती मिळतात: जवळची मैत्रीण मिसांडेचा शिरच्छेद झाला, दुसरा ड्रॅगन गेला, आणि प्रियकर जॉनचा गादीवरचा हक्क आपल्यापेक्षा वरचा हे कळलं. तरी घंटेनंतरच्या त्या एका क्षणाला ही तिन्ही पुरत नाहीत असं माझं मत. म्हणजे लेखकांवरचा आरोप मलाही मान्य आहे, पण चौथ्या नंबरावर. मावशीला अजिबात मान्य नाही. ती म्हणते, पहिल्या सीझनपासून ही बाई जाळूनच राहिली आहे, तुम्हाला आत्ता दिसलं.

पुढच्या रविवारचा प्रश्न ठरलाय. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मध्ये वादळात राजपुत्र एमंडच्या ड्रॅगननं, व्हॅगारनं, लहानग्या ल्यूकला गिळलं, तेव्हा एमंडच्या हातातून ड्रॅगन सुटला होता, की पाठलाग सुरू केला तेव्हाच त्यानं काय ते ठरवलं होतं? पोहे या वेळी काकांकडे.